कॉलेज फुटबॉलची खेळाडूभरती आणि तिची पाणलोट क्षेत्रे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठे आपल्या फुटबॉल संघांसाठी हायस्कुलांमधून खेळाडू मिळवतात, त्या प्रक्रियेला तिथे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर हे नाव आहे. व्यावसायिक एनएफएलमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून वाटले जातात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाच्या वाट्याला पहिली निवड येते. कॉलेजच्या खेळात असे वाटप नाही. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हाती आलेल्या ऑफरींमधून आपले विद्यापीठ स्वतः निवडतो. त्यामुळे चांगले खेळाडू कुठे तयार होतात आणि तिथवर कोणत्या विद्यापीठाचा हात पोचतो, यावर संघांचे बळ फार अवलंबून राहते. धरण किती भरणार हे पाणलोट क्षेत्रावर ठरते, तसेच हे. मात्र इथे एकाच पाणलोटावर अनेक धरणांचा डोळा असतो.

टेक्सस, फ्लॉरिडा, कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया ही चार राज्ये सर्वाधिक खेळाडू पुरवतात. केवळ लोकसंख्येने याचा उलगडा होत नाही. न्यूयॉर्क राज्याची वस्ती दोन कोटींच्या घरात असूनही तिथून अव्वल फुटबॉल खेळाडू थोडेच निघतात, तर 2020 च्या जनगणनेत अवघी 46 लाख 58 हजार वस्ती असलेले लुइझियाना दरडोई प्रमाणात कायम वरच्या रांगेत असते. वर्षभर मैदानावर राहू देणारी उबदार हवा, शाळेच्या संघाभोवती जमणारे गाव, पूर्ण वेळ कोच आणि दुसऱ्या खेळांची कमी स्पर्धा या गोष्टी एकत्र आल्या की असे क्षेत्र तयार होते. प्रत्येक क्षेत्राचे पीकही वेगळे असते. विस्कॉन्सिन आणि आयोवा ही राज्ये अंगापिंडाने थोराड लाइनमन आणि टाइट एंड या आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंसाठी ओळखली जातात, दक्षिण फ्लॉरिडा वेगवान रिसीव्हर (पास झेलणारे) आणि कॉर्नरबॅक (त्यांना रोखणारे) यांच्यासाठी.

टेक्ससमध्ये शाळेचा फुटबॉल ही सार्वजनिक संस्थाच आहे. शुक्रवारची रात्र हायस्कूलची, शनिवार कॉलेजचा आणि रविवार व्यावसायिकांचा, अशी वाटणी देशभर असली तरी तिथली शुक्रवारची रात्र काही औरच. डॅलसजवळच्या ॲलन या उपनगराने 2012 मध्ये आपल्या हायस्कूलसाठी 18,000 आसनांचे स्टेडियम बांधले. खर्च 6 कोटी डॉलर. पश्चिम टेक्ससमधील ओडेसा गावच्या पर्मियन हायस्कूलवर एच. जी. बिसिंजर यांनी 1990 मध्ये लिहिलेले ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक या वेडाचा आणि त्यापायी मुलांना मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा आजही उत्तम दस्तऐवज आहे.

एवढे भरघोस पीक एकाच राज्यात असल्याचा दुष्परिणामही टेक्ससनेच भोगला. आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. 1914 मध्ये स्थापन झालेल्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये आर्कान्सा सोडले तर अखेरीस सगळी विद्यापीठे टेक्ससची उरली होती. सगळे संघ एकाच राज्यातल्या, बहुधा त्याच त्या मुलांच्या दारात उभे. श्रीमंत माजी विद्यार्थ्यांचा पैसा या चढाओढीत उतरला आणि 1980 च्या दशकात या कॉन्फरन्समधल्या एकामागून एका विद्यापीठावर कारवाई झाली. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीचे खेळाडूंना चोरून पैसे देणे पुन्हा पुन्हा उघडकीस आले, तेव्हा ‘एनसीएए’ या नियामक संस्थेने 1987 चा तिचा संपूर्ण हंगामच रद्द केला. ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात ती हीच शिक्षा. कॉन्फरन्स 1996 मध्ये मोडली. या काळात शेजारच्या ओक्लाहोमाचे कोच बॅरी स्विट्झर सीमेवरची रेड नदी ओलांडून निवांत भरती करत होते. त्यांचा बिली सिम्स 1978 मध्ये सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घेऊन गेला, तो हूक्स या टेक्ससमधल्या छोट्या गावचा. टेक्सस विरुद्ध ओक्लाहोमा हा सामना दरवर्षी डॅलसमध्येच होतो. पाहुण्या संघाला दुसऱ्याच्या शेतात उभे राहून आपला माल दाखवण्याची याहून चांगली संधी कोणती?

या विषयाचे सर्वांत वेदनादायी प्रकरण वर्णभेदाचे आहे आणि ते वगळून भरतीचा नकाशा वाचणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दक्षिणेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या संघांत 1960 च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेशच नव्हता. पाणलोट डोळ्यांसमोर, धरणाचे दरवाजे बंद. ही मुले दोन वाटांनी गेली. एक वाट होती कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांची. लुइझियानातील ग्रॅम्बलिंगला कोच एडी रॉबिन्सन यांनी पाच दशकांहून अधिक काळ घडवलेले संघ या वाटेने उभे राहिले. दुसरी वाट उत्तरेला जात होती. मिशिगन स्टेटचे कोच डफी डॉर्टी यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय हायस्कूल कोचांशी मैत्री जोडली आणि त्यांच्या शब्दावर मुले घेतली. टेक्ससच्या बोमाँट गावचा बब्बा स्मिथ आणि ला पोर्टचा जीन वॉशिंग्टन, साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज वेबस्टर, नॉर्थ कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा) जिमी रे हे सगळे मिशिगनच्या थंडीत जाऊन खेळले. 19 नोव्हेंबर 1966 रोजी याच संघाने नोत्र दामशी 10-10 अशी बरोबरी केली. तो सामना अजूनही शतकातील सर्वांत गाजलेल्या सामन्यांत धरतात. पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकाला बब्बा स्मिथचे नाव पुकारले गेले. त्याच्या घरापासून मिशिगन स्टेट दीड हजार किलोमीटरहून दूर होते. बोमाँटच्याच जेरी लेव्हायसने 1965 मध्ये सदर्न मेथडिस्टची शिष्यवृत्ती स्वीकारली. साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू. त्याला द्वेषाची पत्रे आली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आणि मैदानावर उतरल्याच्या पहिल्याच वर्षी, 1966 मध्ये, त्याच्या संघाने कॉन्फरन्स जिंकली. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचा 1969 चा राष्ट्रीय विजेता संघ मात्र पूर्णपणे गोऱ्यांचा होता. तसा तो शेवटचा विजेता ठरला.

12 सप्टेंबर 1970 रोजी सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅममध्ये ॲलाबामाचा 42-21 असा पराभव केला. विजेत्या संघातल्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूच्या त्या दिवशीच्या खेळामुळे ॲलाबामाचे दरवाजे उघडले, असे वारंवार सांगितले जाते. गोष्ट आकर्षक आहे, पण विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याआधीच ॲलाबामात दाखल झाला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे म्हणून तो बाहेर होता. त्या पराभवाने सुरू झालेल्या बदलाला वेग दिला, एवढेच म्हणता येईल. दरवाजे उघडल्यावर दक्षिणेची विद्यापीठे दारातल्या मुलांमुळे बलाढ्य झाली आणि उत्तरेकडे जाणारा ओघ आटला. शाळांच्या एकत्रीकरणात कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या आणि त्यांच्या अनेक कोचांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी हे खेळाडू घडवले त्यांनाच या बदलाची किंमत मोजावी लागली.

पश्चिम पेनसिल्व्हेनियाची कहाणी पोलादाची आहे. पिट्सबर्गच्या भोवतालच्या गिरणगावांतून जॉनी युनायटस, जो नेमथ, जो मोंटाना, डॅन मरिनो आणि जिम केली हे पाच क्वार्टरबॅक आले. पाचही जण व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्यांतला एकटा मरिनो घराजवळच्या पिट्सबर्ग विद्यापीठात खेळला. बाकीचे लुइव्हिल, ॲलाबामा, नोत्र दाम आणि मायामी इथे गेले. कारखाने बंद पडले, माणसे दक्षिणेकडे सरकली आणि खेळाडूंची संख्या रोडावली. तरीही ओहायो नदीकाठच्या अलिक्विपाने, जिथली वस्ती आता नऊ हजारांच्या आसपास उरली आहे, माइक डिट्का, टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस असे तीन हॉल ऑफ फेमर दिले. ही गोष्ट आकड्यांपेक्षा गावाच्या जिद्दीबद्दल जास्त सांगते.

पाणलोट ओळखून त्यावर आखीव काम कसे करावे, याचा धडा कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांनी घालून दिला. 1979 मध्ये ते मायामी विद्यापीठात आले तेव्हा तिथे फुटबॉल चालू ठेवावा की नाही यावर खल चालला होता. देशभर धावाधाव करण्यापेक्षा त्यांनी फ्लॉरिडाच्या दक्षिण भागाभोवती एक मानसिक कुंपण घातले, त्याला ‘स्टेट ऑफ मायामी’ म्हटले आणि इथला चांगला मुलगा बाहेर जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. गोऱ्या कोचांनी जिथे पाऊलही टाकले नव्हते अशा वस्त्यांतल्या घरांत ते आणि त्यांचे सहकारी जाऊन बसले. 1983 च्या हंगामाअखेर मायामीने नेब्रॅस्काला 31-30 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पुढे 1987, 1989 आणि 1991 मध्येही, वेगळ्या कोचांच्या हाताखाली, ते मायामीकडे आले.

याच टापूत ओकिचोबी सरोवराकाठी काळ्याशार मातीचा पट्टा आहे. तिथे त्याला ‘मक’ म्हणतात. बेल ग्लेड आणि पहोकी ही त्यातली गावे, भोवती उसाचे फड. तोडणीआधी फड पेटवतात तेव्हा आतले ससे बाहेर पळतात आणि मुले ते पाठलाग करून पकडतात. इथल्या खेळाडूंच्या वेगाचे हेच स्पष्टीकरण अमेरिकेत सांगितले जाते. फ्रेड टेलर, अँक्वान बोल्डिन, सँटोनियो होम्स इथलेच. सशांची गोष्ट खरी असली तरी तिने गरिबीवर गोड रंग चढतो. या मुलांना गावाबाहेर नेणारी वाट म्हणून फुटबॉलकडे पाहावे लागते, हे त्यामागचे वास्तव आहे.

लुइझियानात फुटबॉलचे मोठे विद्यापीठ एकच, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे एलएसयू. ॲलाबामात ऑबर्न आणि ॲलाबामा, मिसिसिपीत ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) आणि मिसिसिपी स्टेट अशी घरातच भांडणे आहेत; एलएसयूला राज्यात तोडीचा स्पर्धक नाही. निक सेबन, लेस माइल्स आणि एड ऑर्जरॉन या तीन भिन्न स्वभावांच्या कोचांनी तिथे अनुक्रमे 2003, 2007 आणि 2019 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. कोच बदलले, पाणलोट तेच राहिले. अर्थात 2019 चा क्वार्टरबॅक जो बरो ओहायोहून आला होता. स्थानिक पीक भरपूर असले तरी एखादी जागा बाहेरून भरावी लागते.

नेब्रॅस्काचे उदाहरण याच्या नेमके उलटे. वस्ती 20 लाखांच्या आसपास. कोच टॉम ऑस्बर्न यांनी तिथे मुलांची दोन वाटांनी जमवाजमव केली. धिप्पाड लाइनमन राज्यातले. त्यांतला डीन स्टाइनकूलर तर बर नावाच्या खेड्यातून आलेला. गावोगावची मुले शिष्यवृत्तीशिवाय ‘वॉक-ऑन’ म्हणून संघात येत, वर्षानुवर्षे घाम गाळत आणि त्यांतली काही मुख्य संघात पोचत. वेग मात्र बाहेरून आणावा लागे: माइक रोझियर न्यू जर्सीचा, टॉमी फ्रेझियर फ्लॉरिडाचा. 1994, 1995 आणि 1997 ची विजेतेपदे या मिश्रणाची. 2011 मध्ये नेब्रॅस्काने टेक्ससचे संघ असलेली बिग 12 कॉन्फरन्स सोडून बिग टेन गाठली आणि टेक्ससमधले सामने थांबले. तिथल्या मुलांच्या पालकांना आपल्या मुलाचा खेळ घराजवळ पाहायला मिळेल हे सांगण्याची सोयही गेली. नेब्रॅस्काने शेवटची कॉन्फरन्स जिंकली ती 1999 मध्ये. घसरणीला कारणे अनेक आहेत, पण पाणलोटाशी तुटलेला संबंध त्यांतले मोठे कारण मानले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत नियम वेगाने बदलले. ऑक्टोबर 2018 मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू झाले. 2021 पासून एकदा विद्यापीठ बदलले तर वर्षभर बाहेर बसावे लागेनासे झाले, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. आता कोच अठरा वर्षांच्या मुलाऐवजी दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू घेऊ शकतो. 2024 मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा आग्नेयेच्या एसईसी कॉन्फरन्समध्ये गेले, तर लॉस एंजलिसची दोन विद्यापीठे मध्यपश्चिमेच्या बिग टेनमध्ये. कॉन्फरन्स आणि प्रदेश यांचा जुना मेळ मोडला. दुर्गम गावातल्या उशिरा फुलणाऱ्या मुलाचे यात नुकसान आहे, कारण त्याच्यासाठी थांबायला कोणालाच वेळ उरलेला नाही. इतके होऊनही सहायक कोचांना अजून प्रदेश वाटून दिलेले असतात आणि हायस्कूलच्या कोचचा शब्द मोलाचा समजला जातो.

खेळाडूंच्या खटल्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी एकूण सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. खेळाडूंना हा वाटा फार पूर्वीच मिळायला हवा होता. जागतिक सॉकरमध्ये दुसऱ्या क्लबाने मोबदला मोजून खेळाडू घेतला की त्या रकमेतील 5 टक्के त्याला लहानपणापासून घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. कॉलेज फुटबॉलच्या या तडजोडीत तशी तरतूद नाही; बेल ग्लेडच्या किंवा अलिक्विपाच्या हायस्कूलला तिच्यातून एक डॉलरही मिळत नाही.