दाबोळीहून त्या रात्री उडालेले विमान

डिसेंबर उजाडला की आमच्या वास्कोच्या जुन्या माणसांत एक विषय हमखास निघतो. मुक्तीच्या आदल्या रात्री पाखल्यांचे एक विमान दाबोळीहून उडाले, त्यात कोण होते आणि ते चालवत कोण होता? (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: पाखलो म्हणजे गोरा पोर्तुगीज. अनेकवचन पाखले.) कुणी सांगतो, गव्हर्नर पळाला. कुणी म्हणतो, बँकेतले सोने नेले. एका आजींनी तर मला शपथेवर सांगितले होते की गोंयच्या सायबाचे शव नेले आणि जुन्या गोव्यात आहे ते दुसरेच काहीतरी. माझ्यापुरता हा नुसत्या गप्पांचा विषय कधीच नव्हता. का, ते पुढे येईल.

आधी त्या दिवसाची हकिगत. १८ डिसेंबर १९६१, सोमवार. मी नऊ वर्षांचा. आमचे घर बायण्याला, समुद्राच्या अंगाला. सकाळी सकाळी आकाश फाटल्यासारखा आवाज आला आणि घरातली भांडी मांडणीवरून खाली आली. भारतीय हवाई दलाची बारा कॅनबेरा विमाने दाबोळीवर आली होती. विंग कमांडर एन. बी. मेनन त्यांचे प्रमुख. काही मिनिटांत त्यांनी धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या हाताखाली आणखी आठ कॅनबेरा आली. तिकडे हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र उडवले आणि गोव्याचा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा मार्ग बंद झाला. दुपारी मुरगाव बंदरात 'आफोन्सो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेची भारतीय नौकांशी गाठ पडली. त्या तोफांचे आवाज आम्ही पलंगाखाली बसून ऐकले. आई रामरक्षा म्हणत होती आणि मध्येच थांबून आम्हाला मोजत होती.

एक गोष्ट तेव्हा कुणाला कळली नाही. हवाई मोहिमेचे प्रमुख एर्लिक पिंटो यांचा हुकूम होता की धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही. विमानतळ उद्या आपल्यालाच वापरायचा आहे, हा त्यामागचा हिशेब. दोन्ही हल्ल्यांत इमारती वाचल्या, आणि त्यांच्यासमोर उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. एक 'ताप' या पोर्तुगीज कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन. दुसरे 'ताइप'चे डग्लस डीसी-४. ताइप ही आपल्या गोव्याचीच विमान कंपनी. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी आवळली, तेव्हा ती सुरू झाली आणि दाबोळीचा विमानतळही त्याच साली झाला. रस्ता बंद, रेल्वे बंद, मग उरले समुद्र आणि आकाश. कराची, दमण, दीव अशी तिची विमाने जात. आम्हा पोरांना विमाने नुसती ओळखता येत नसत, तर पाठ होती. कॉन्स्टेलेशनला शेपटीवर तीन पाती, अंग मोरीसारखे लांब आणि किंचित वाकलेले (मोरी म्हणजे आमच्याकडचा शार्क). ते नजर चुकवून जाणे शक्यच नव्हते.

त्या रात्री गावात दिवा नव्हता. मार्गशीर्षातले शुक्ल पक्षाचे चांदणे मात्र होते. बाबा आणि शेजारचे दोघे-तिघे बाहेर अंगणात कुजबुजत बसले होते, मी बाबांच्या मांडीला चिकटून. एकाएकी माडांची झापे सळसळली आणि आवाज आला. सकाळच्या जेटचा नव्हे, तर पंख्यांच्या इंजिनांचा जड, घरघरता आवाज. दिवे नसलेले काहीतरी प्रचंड, माडांच्या शेंड्यांना घासून जाईल इतक्या खालून समुद्रावर गेले. सगळे जमिनीवर पालथे पडले. मी पडलो नाही, बघतच राहिलो. तीन पाती मी पाहिली. ते वर चढेल, वर चढेल असे वाटत होते, पण चढलेच नाही. पाण्याच्या अंगानेच गेले, तसेच दिसेनासे झाले. शेजारचे म्हणाले, "बुडले." बाबा म्हणाले, "आवाज अजून येतोय."

आता काकांकडे येतो. आमचे धाकटे काका विमानतळावर रोजंदारीवर होते. त्या सकाळी कामावर गेले ते घरी आले दुसऱ्या दिवशी, अंगभर लाल माती, हातांना फोड. संध्याकाळी त्यांना आणि हाताला लागेल त्या प्रत्येकाला धावपट्टीवर नेले. फावडी, टोपल्या. बॉम्बचे खड्डे भरा, दगड उचला, झाडा. सगळी धावपट्टी नव्हे, एक पट्टा तेवढा. बंदूकधारी उभे होते, "नाही" कोण म्हणणार? काळोख पडल्यावर कॉन्स्टेलेशनमधून खुर्च्या उपटून बाहेर टाकताना त्यांनी पाहिले. मग त्यांना लांब हाकलले.

१९ तारखेला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली, गाव रस्त्यावर आले, तिरंगे निघाले, पेढे वाटले. आणि आठ दिवसांत काकांना एक नाव चिकटले. "पाखल्यांची वाट झाडणारा." सोन्याची वदंता पसरली तसा त्याला धार चढली. "तुझ्या टोपलीभर मातीवरून आमच्या बायकांचे डाग लिस्बनला गेले," असे एकाने भर बाजारात सुनावले. काका भांडणारे नव्हते. गणपतीच्या आरतीला मागे उभे राहू लागले, मग येईनासे झाले. तो विमान चालवणारा कोण आणि त्याने कुणाला नेले, हे मला का हवे होते, ते आता कळले असेल.

बरीच वर्षे हाती काही लागले नाही. चौकशी केली की लोक दुसऱ्याच विमानाची गोष्ट सांगत. तेही खालूनच उडाले होते, पण ते आपले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे १९५५पासून जंगलात लपून गोवामुक्तीचा आकाशवाणी संच चालवत. मुक्ती झाल्यावर तेच दोघे भारतीय हवाई दलाच्या विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून लोकांना बातमी सांगत गोव्यावर फिरले, पत्रके टाकली. ते विमान सगळ्यांच्या मनात उजेडात राहिले, आणि आदल्या रात्रीचे त्यात मिसळून गेले. माझा एक वर्गमित्र आजही म्हणतो, एकच विमान होते. त्याच्याशी वाद घालणे मी सोडले आहे.

गव्हर्नराची वदंता तर साधी तारीख पाहिली तरी कोसळते. १८च्या रात्री जो पळाला, तो १९ला शरण कसा येईल? वासालो पळाले नाहीत. सालाझारने त्यांना शेवटपर्यंत लढा, सैनिक एकतर विजयी तरी होतील नाहीतर मरतील, असे कळवले होते. त्यांनी ते मानले नाही आणि गोवा बेचिराख होण्यापासून वाचला. पोर्तुगालने १९६३ साली त्यांना लष्करातून काढून टाकले, १९७४च्या क्रांतीनंतर परत मान दिला. सायबाचे शव लिस्बनला धाडा असाही हुकूम होता, तोही त्यांनी पाळला नाही. पाखल्यांबद्दल मला फार प्रेम नाही, पण या माणसाचे एवढे देणे मान्य केले पाहिजे.

सोन्याची गोष्ट निम्मी खरी. बांको नासियोनाल उल्त्रामारिनोमध्ये लोकांनी गहाण टाकलेले दागिने खरोखरच लिस्बनला गेले, पण हल्ल्याच्या आधी. ते परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्यांनी ठेवले त्यांतले किती जण तोवर गेले होते. तेव्हा तो राग खोटा नव्हता, फक्त चुकीच्या माणसावर निघाला.

आणि वैमानिक? लिस्बनला स्थायिक झालेल्या एका वास्कोकर मित्राने पोर्तुगीजमधल्या काही आठवणींची झेरॉक्स पाने पाठवली. लहानपणी दोन वर्षे पोर्तुगीज शाळेत पाठ केलेली क्रियापदे पन्नाशीनंतर कामाला आली, बाकीचे कोशाने निभावले. कॉन्स्टेलेशन चालवत होते मानुएल कोर्रेया रैश. त्यांच्यामागून डीसी-४ घेऊन गेले मेजर सोलानो द आल्मेदा, खुद्द ताइपचे संचालक. म्हणजे विमाने दोन होती, आणि मी पाहिले ते पहिले. आत सोने नव्हते. काही सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. त्याआधी 'इंडिया' नावाचे जहाज ३८० माणसांच्या जागेत सुमारे ७०० जणांना कोंबून निघाले होते, शौचालयांतसुद्धा लोक बसले होते. त्यातूनही जे मागे राहिले, त्यांतले हे.

कोर्रेया रैश यांनी फक्त ७०० मीटरमध्ये ते धूड उचलले. एरवी त्याला याच्या दुपटीहून जास्त पट्टी लागते. खुर्च्या का उपटल्या, ते इथे समजले. वजन कमी करायला. धावताना उडालेल्या दगडांनी विमानाच्या अंगाला २५ भोके पडली आणि एक टायर गेला. मग दिवे बंद ठेवून, भारतीय गस्तीच्या नजरेत येऊ नये म्हणून पाण्याला लागून कराची गाठली. वर न चढण्याचे कारण हे.

काका तेव्हा हयात होते, ऐकू जरा कमी येत होते. मी पाने घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मोठ्याने सगळे सांगितले. आत बायकापोरे होती, हे दोनदा सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "टायर फुटलो म्हणटा?" मी म्हटले, हो, दगडांमुळे. म्हणाले, "मागीर आमी बरें झाडूंक ना." म्हणजे आम्ही नीट झाडलेच नव्हते. आणि हसले. त्यांना पोट धरून हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो. त्या वर्षी चवथीला ते आरतीला आले. कुणी काही बोलले नाही. नाव चिकटवणारे बहुतेक तोवर गेले होते.

वैमानिकांची नावे कागदावर आहेत. त्या संध्याकाळी टोपल्या वाहणाऱ्यांची नाहीत. काका सांगत, तीसेक जण असतील, चिखली, दाबोळी, सांकवाळ, बायणा इथले, हिंदू आणि किरिस्तांव दोन्ही. तुमच्या घरातले कुणी त्यांत असेल, कुणाचे आजोबा, कुणाचे मामा, तर खाली जरूर लिहा. नाव नको असेल तर नुसता वाडा लिहिला तरी चालेल.