रिमोट डेस्कटॉप वापरकर्ता प्रोफाइल

रिमोट डेस्कटॉप वापरकर्ता प्रोफाइल म्हणजे विंडोज सर्व्हरवर दुरून काम करणाऱ्या व्यक्तीच्या फाइली आणि वैयक्तिक सेटिंग्ज यांचा संच होय. हा संच कोठे साठवायचा, हे सर्व्हरचा प्रशासक ठरवितो. स्थान योग्य ठरविल्यास वापरकर्ता कोणत्याही सर्व्हरवर गेला तरी त्याचे काम त्याच्यासोबत येते. अन्यथा ते हरवल्यासारखे दिसते आणि काही प्रसंगी खरोखरच नष्ट होते.

पार्श्वभूमी

एकाच सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये 'विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन'द्वारे उपलब्ध करून दिली. २००९ मधील विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून या सेवेस 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' हे नाव मिळाले.

प्रोफाइलमधील घटक

प्रोफाइलमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स इत्यादी फोल्डर तसेच 'एनटीयूजर.डॅट' ही फाइल असते. या फाइलमध्ये वापरकर्त्याच्या निवडी नोंदलेल्या असतात. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये समाविष्ट असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला असल्यास ती निवडही येथेच राहते. वर्डच्या शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द 'ॲपडेटा' फोल्डरच्या 'रोमिंग' भागात असतात. त्याच फोल्डरचे 'लोकल' आणि 'लोकल-लो' हे भाग मात्र फिरत्या प्रोफाइलबरोबर जात नाहीत.

स्थानाचे महत्त्व

वेगळे स्थान न दिल्यास प्रोफाइल त्या त्या सर्व्हरच्या सी ड्राइव्हवरील 'यूजर्स' फोल्डरमध्ये तयार होते. समजा, एखाद्या संस्थेच्या कोल्हापूर येथील मुख्य कार्यालयात दोन सर्व्हर आहेत आणि गडहिंग्लज व मलकापूर शाखांतील कर्मचारी त्यांवर दुरून काम करतात. ज्या सर्व्हरवर भार कमी, तिकडे नवे सत्र वळविले जाते. त्यामुळे सोमवारी पहिल्या सर्व्हरच्या डेस्कटॉपवर ठेवलेले पत्रक मंगळवारी दुसऱ्या सर्व्हरवर दिसत नाही. ते नष्ट झालेले नसते; पहिल्या सर्व्हरवरच राहिलेले असते. यावर उपाय म्हणजे प्रोफाइल एका सामायिक फाइल सर्व्हरवर ठेवणे. यास फिरते अर्थात रोमिंग प्रोफाइल म्हणतात. लॉग-इन करताना ते सर्व्हरवर उतरते व लॉग-ऑफ करताना बदलांसह परत जाते.

स्थान ठरविण्याचा प्राधान्यक्रम

दुरून लॉग-इन केल्यावर विंडोज पुढील क्रमाने मार्ग शोधते :

१. ग्रुप पॉलिसीमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी दिलेला मार्ग
२. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील खात्याच्या 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस प्रोफाइल' या पानावरील मार्ग
३. त्या संगणकासाठी ग्रुप पॉलिसीने दिलेला सर्वसाधारण रोमिंग मार्ग
४. खात्याच्या साध्या 'प्रोफाइल' पानावरील मार्ग

पहिल्या प्रकारात केवळ सामायिक फोल्डरपर्यंतचा मार्ग लिहावयाचा असतो. वापरकर्त्याचे नाव प्रणाली स्वतः जोडते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक खात्याचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. टेबलावरील संगणक आणि सर्व्हर यांसाठी निरनिराळे मार्ग ठेवणे इष्ट असते, कारण दोहोंच्या सेटिंग्ज एकमेकींत मिसळल्यास बिघाड संभवतो.

उद्भवणाऱ्या अडचणी

एकच व्यक्ती दोन सर्व्हरवर एकाच वेळी काम करीत असल्यास सेटिंग्जच्या बाबतीत जे सत्र शेवटी बंद होते, त्याच्याच नोंदी टिकतात. विंडोजच्या आवृत्तीनुसार फोल्डरच्या नावास 'व्ही२', 'व्ही६' असे प्रत्यय लागतात. त्यामुळे सर्व्हरची आवृत्ती बदलल्यावर जुने प्रोफाइल आपोआप उघडत नाही.

सर्वांत गंभीर अडचण तात्पुरत्या प्रोफाइलची होय. मूळ प्रोफाइल उघडता न आल्यास विंडोज तात्पुरते प्रोफाइल देते. त्यात साठविलेले सर्व काही लॉग-ऑफ करताच पुसले जाते. तशी सूचना पडद्यावर दिसल्यास त्या सत्रातील काम सामायिक फोल्डरमध्ये साठवून प्रशासकास कळविणे आवश्यक असते.

प्रोफाइलच्या फोल्डरवर सामान्यतः केवळ संबंधित वापरकर्त्यास व प्रणालीस अधिकार असतात; प्रशासकासही नसतात. प्रशासकाने फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतल्यास प्रोफाइल नाकारले जाऊ शकते.

पर्यायी पद्धती

'फोल्डर रिडायरेक्शन'मध्ये डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर कायम फाइल सर्व्हरवर राहतात, त्यामुळे लॉग-इनला लागणारा वेळ कमी होतो. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये 'यूजर प्रोफाइल डिस्क' ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येकाचे प्रोफाइल स्वतंत्र आभासी डिस्कवर असते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एफएसलॉजिक्स ही कंपनी विकत घेतली. तिची पद्धतही आभासी डिस्कवरच आधारित आहे. कोणतीही पद्धत निवडली तरी प्रोफाइल साठविणाऱ्या फाइल सर्व्हरची नियमित प्रत काढून ठेवावी लागते, कारण तो बिघडल्यास सर्वांचेच काम एकाच वेळी अडते.