प्रस्तावना : जमीन, सनद आणि माणसे

१५४८ साली पोर्तुगिजांनी कुर्ला, मरोळ, सहार, कोळेकल्याण यांसह सात गावे अंतोनियो पेसोआ याला लष्करी सेवेचे बक्षीस म्हणून दिली. १८०८ मध्ये इंग्रजांनी मुंबईत अपोलो गेटजवळची जागा घेऊन तिच्या बदल्यात कुर्ल्याची जमीनदारी होरमसजी बमनजी वाडिया यांना दिली. जमीन कसणारे दोन्ही व्यवहारांत पक्षकार नव्हते.

स्थायिक वसाहतवादाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत आम्ही मुद्दाम या नोंदींनी करत आहोत. इतिहासकार पॅट्रिक वुल्फ यांनी ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून दाखवले, की कायमचे वसायला आलेल्यांना मूळ रहिवाशांच्या श्रमांपेक्षा त्यांची जमीन हवी असते. त्यामुळे आक्रमण एका घटनेपाशी थांबत नाही, त्याची व्यवस्था बनते. लोकांना हुसकावणे आणि त्यांना आपल्यात विरघळवून टाकणे, दोन्ही तिचेच मार्ग. या विचाराचे मोल मोठे आहे. कुर्ला ज्या साष्टी बेटात येते, तिथे १७३९ पर्यंत मराठ्यांचा अंमल आला, १७७४ मध्ये इंग्रजांचा. पण राज्य बदलल्यावर कसणाऱ्याच्या हक्काचे काय झाले, हे विचारायची सवय वुल्फ यांचा विचार लावतो.

तरी साष्टीला ही चौकट पुरत नाही. पोर्तुगीज जमीनदाराला कुणबी, कोळी, भंडारी हवेच होते. त्यांच्याशिवाय भात पिकत नव्हता, मीठ-मासळी मिळत नव्हती. अनेकांचा धर्म बदलला, आडनावे परेरा, डिसूझा झाली. पण घरातली मराठी बोली राहिली, गावठाणे राहिली आणि १८८७ मध्ये त्यांच्याच वंशजांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. धर्मांतरामागची सत्ता वुल्फ यांच्या मांडणीतून दिसते. हे टिकून राहणे मात्र तिच्यातून उलगडत नाही.

दुसरी मर्यादा आजच्या जगण्याला भिडते. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी कुर्ल्यात स्वदेशी मिल सुरू केली. अशा गिरण्यांत कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसे आली. त्यांच्या हाती ना तोफा होत्या, ना सनदा. पोटासाठी आलेल्याला वसाहतकार म्हटले, की सिद्धान्ताची काठी होते आणि ती दुबळ्याच्याच पाठीत बसते. मूळचा आणि उपरा या ओळखी राज्यसंस्थेने घडवलेल्या असतात, असे अभ्यासक महमूद ममदानी २०२० च्या ‘नायदर सेटलर नॉर नेटिव्ह’मध्ये सांगतात, ते म्हणूनच मोलाचे.

तेव्हा नव्या अभ्यासकाने आधी सनद कोणी काढली, सारा कुणाकडे गेला आणि आलेल्याच्या पाठीशी सत्ता होती का, हे तपासावे. कुणाला वसाहतकार म्हणायचे, ते त्यानंतर ठरवावे.