कुलाबा टर्मिनस

कुलाबा टर्मिनस : मुंबईतील बंद झालेले रेल्वेस्थानक. बी. बी. अँड सी. आय. (आजची पश्चिम रेल्वे) कंपनीचा लोहमार्ग १८७३ मध्ये चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत आला. १८९६ मध्ये तिथे टर्मिनस झाले आणि ३१ डिसेंबर १९३० रोजी ते बंद पडले. कुलाब्याचे महत्त्व कापसामुळे. १८३८ च्या कॉजवेने कुलाबा बेट शहराला जोडले गेले, १८४४ मध्ये कापसाचा बाजार तिथे हलला आणि पुढे गुजरातच्या गाठी रेल्वेने थेट त्या बाजाराजवळ उतरू लागल्या.

हे स्थानक जुनाट झाल्यामुळे गेले, असा समज होऊ शकतो; तो चुकीचा आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. मोडीत निघालेल्या स्थानकापर्यंत कोणी विजेच्या तारा ओढत नाही. कापूसबाजार शिवडीला गेल्याने स्थानकाचे प्रयोजनच संपले, हा आक्षेप वजनदार आहे खरा, पण तो मालधक्क्यापुरता. उतारूंची ये-जा कापसाच्या गाठींवर अवलंबून नव्हती. खरे कारण जमिनीचे होते. बॅकबेच्या समुद्रात भराव घालून सरकार नवी जमीन तयार करत होते आणि जुन्या किनाऱ्याने जाणारे रूळ शहर आणि त्या जमिनीच्या मधोमध आडवे येत होते. जमिनीपुढे रुळांनी माघार घेतली. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार मुंबई सेंट्रल बांधले गेले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी खुले झाले.

स्थानकाच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. इमारत नाही, म्हणजे अवशेषही नाहीत, असे म्हणणे घाईचे ठरेल. गाड्या गेल्या, तरी जमीन रेल्वेकडेच राहिली, हा पहिला अवशेष. दुसरा चर्चगेटला दिसतो. वाटेवरचे हे स्थानक कुलाबा तुटल्यावर शेवटचे ठरले. इथे रूळ बफरपाशी थांबतात आणि लोकलमधून उतरलेली गर्दी त्याच दक्षिण दिशेला पायी निघते. एखादे स्थानक नसल्याने मुंबई सेंट्रल आणि चर्चगेट या दुसऱ्या दोन स्थानकांचे रूप ठरले असेल, तर त्याची नोंद इतिहासात केलीच पाहिजे. चर्चगेटच्या दक्षिणेला उतारूंची रेल्वे पुन्हा धावली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, कफ परेडपर्यंतच्या भुयारी मेट्रोच्या रूपाने.