तारली : खायची, जाळायची की माडाला घालायची?

बेळगावला समुद्र नाही, पण घाट चढून आलेली मासळी आपापलं नावही सोबत घेऊन येते. वेंगुर्ला-मालवणकडची ती तारली, गोव्याकडची तारले. कारवारच्या खाली कन्नडात तिला बैगे म्हणतात, तुळूत बूताय, उत्तर केरळात मत्ती आणि दक्षिण केरळात चाळा. पेडवे हे नाव मात्र जरा निसटतं आहे. कुणी तारलीच्याच लहान भावंडांना पेडवे म्हणतं, कुणी तिच्या दुसऱ्या जातभाईंना. त्यावरून वाद घालायचा तर मासळीबाजारात घालावा, करमणूक तरी होते. शास्त्रज्ञांच्या लेखी तारलीचं नाव एकच, सार्डिनेला लाँगिसेप्स.

गंमत अशी की ही मासळी स्वतः सहसा गळाला लागत नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या माशाला आमिषाचं काय आकर्षण? म्हणून तिला रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून गावानं मिळून ओढायचं लांबलचक जाळं. मग तिचाच तुकडा गरीला लावून सुरमई (गोव्यात इसवण) गरवायची. चरबीचा वास पाण्यात पसरतो, त्यामुळे आमिष म्हणून ती उत्तम.

ही चरबीच तिच्या इतिहासाची किल्ली आहे. पावसाळ्यानंतर तारली तेलानं भरते. चवीला तेव्हाच खरी, तिरफळ घालून तिखलं केलं तर विचारूच नका! पण त्याच तेलामुळे ती लवकर खवटते. बर्फ नसलेल्या काळात एका सकाळी होड्या भरून तारली आली, की संध्याकाळपर्यंत तिचं काय करायचं हा प्रश्न असे. खाऊन, वाळवून उरलेली माडाच्या आळ्यात मिठाबरोबर पुरायची. नाहीतर कुजवून तेल काढायचं. ते होडीच्या फळ्यांना चोपडायला आणि दिव्यात जाळायला होई. फ्रान्सिस डे यांचं मलबारच्या माशांवरचं पुस्तक १८६५चं, आणि या तेलाचा व्यापार त्यांच्याही नजरेतून सुटला नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी यात लक्ष घातलं. इंजिनिअर म्हणून मला त्यांची रीत आवडते, कारण तिच्यात काहीच भारी नाही. कढईत मासळी उकळायची, काथ्याच्या पिशवीत भरून दाबायंत्राखाली पिळायची, पाण्यावर तरंगलेलं तेल वेगळं करायचं आणि उरलेला चोथा वाळवायचा. कुजवण्यापेक्षा तेल स्वच्छ निघे आणि कोळ्यांना स्वतःच्या गावात करता येई. मलबार आणि दक्षिण कानडा किनाऱ्यावर असे छोटे कारखाने पसरले. तेल चामडं कमावायला आणि तागाच्या गिरण्यांना जाई, तर वाळलेला चोथा खत म्हणून कॉफीच्या मळ्यांत आणि सिलोनला.

मला वाटतं, तारलीला आपल्याकडे मान मिळाला नाही याचं मूळ इथं आहे. जी मासळी खताच्या ढिगात दिसते ती पाहुण्याच्या ताटात कोण वाढणार? मल्याळीत मात्र तिचं एक टोपणनाव आहे, ‘कुडुंबम् पुलर्ती’, म्हणजे कुटुंब पोसणारी. माझ्या मते सगळ्या नावांत हेच खरं. स्वस्त होती म्हणूनच गरिबाच्या घरात रोज मासळी शिजली.

आता कढईच्या जागी फिशमीलचे कारखाने आहेत. तिथं तारलीचं पीठ होतं, कोळंबी आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. फरक एवढाच की निकल्सनच्या काळी मुख्यतः उरलेली मासळी कढईत जाई, आज कारखान्यासाठी पिल्लंही धरली जातात. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली, २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. समुद्राचं तापमान आणि पाऊस यांचाही त्यात हात आहे, सगळा दोष जाळ्यावर टाकता येणार नाही. तरी पिल्लांची धरपकड थांबावी म्हणून केरळनं २०१५ साली मत्तीसाठी किमान दहा सेंटिमीटर लांबीची अट घातली.