वंशावळीत आजी कुठे आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या मराठा घरांमध्ये खापरपणजोबांची चौकशी सुरू झाली. निजामकाळातल्या कागदात 'कुणबी' अशी नोंद शोधायची, त्या माणसापासून आपल्यापर्यंत वंशावळ जोडायची, मग दाखल्यासाठी अर्ज. वसमत तालुक्यातल्या आमच्या कुरुंद्यातही पारावर हाच विषय. मुलांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न असल्यामुळे कुणी हे हसण्यावारी नेत नाही.

काम वाटते तितके सोपे नसते. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जुने कागद मोडीत किंवा फारसीत, नंतरचे उर्दूत. आडनाव बहुधा नसतेच. मोडीत 'अमुक बिन तमुक', उर्दूत 'अमुक वल्द तमुक', म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, एवढीच ओळख. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शिवाय नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे राणोजी वल्द सटवाजी, मग सटवाजी वल्द राणोजी, मग पुन्हा राणोजी वल्द सटवाजी. यातला आपला राणोजी कोणता? मी रोज डेटाबेसमध्ये काम करतो. तिथला पहिला धडा हाच, की नावावरून माणूस ओळखू नये. इथे उपयोगी पडतो तो शेताचा सर्व्हे नंबर आणि बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांची नावे.

जमिनीशिवाय वंशावळ हलत नाही, याला इतिहास आहे. मराठी मुलखात वंशावळी लिहिल्या गेल्या त्या बऱ्याचदा वतनाच्या भांडणातून. पाटीलकी कुणाची, थोरली शाखा कोणती, गाव आधी कुणी वसवले, असा वाद उभा राहिला की दोन्ही बाजू आपला 'करीना' सांगत, म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत. गोतसभा बसे, निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या हत्यारांची. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेल्या दप्तरांत असे कागद भरपूर आहेत. त्यांतला वंश मुख्यतः पुरुषांचा, कारण दावा वतनाचा होता. ज्याच्याकडे ना वतन ना जमीन, त्याला वंशावळ लिहून घेण्याचे कारणच पडत नसे.

आता जरा लांब जाऊ. आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकादी नावाची फ्रेंच वसाहत होती. तिथे १६७१ मध्ये शिरगणती झाली. तीत घरधन्याबरोबर त्याची बायको तिच्या माहेरच्या आडनावाने नोंदली आहे. शल्यवैद्य जाकोब बुर्ज्वा, बायको जान त्राआँ, मग मुले, गुरे, जमीन. १७५५ पासून इंग्रजांनी या लोकांना हजारोंनी हाकलले, कुटुंबे पांगली, काही पुढे लुईझियानापर्यंत पोचली. तरीही त्यांचे वंशज आज आईकडूनही मूळ घरापर्यंत जाऊ शकतात. एका यादीत सासर-माहेर दोन्ही लिहिले गेले, त्याचा हा फायदा.

आपल्या दाखल्याच्या वंशावळीत जात वडिलांकडून धरली जाते, म्हणून आजी गळते. वारसाच्या वंशावळीत मात्र मुली लिहाव्याच लागतात, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा हिस्सा मुलाइतकाच झाला आहे. म्हणजे एकाच घराच्या दोन वंशावळी, दोन कामांसाठी, आणि दोन्ही वेगळ्या. वंशावळ घराण्याची आठवण म्हणून जपली जाते, पण ती असते दाव्याची आठवण. दाव्याला जे नाव लागले नाही, ते तिने ठेवले नाही.

म्हणून सध्या ही जी धावपळ चालली आहे, तिच्यात एक काम जोडून घ्यावे. अर्जाचा कागद अर्जाच्या नियमाने भरावा. त्याच्या मागे घरची एक प्रत ठेवावी, आणि तीत प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचे नाव, तिचे माहेरचे नाव आणि तिचे गाव लिहावे. लग्नात नाव बदलायची पद्धत असल्यामुळे ही दोन नावे जोडणारा पुरावा सहसा कुठल्याच कचेरीत नसतो. तो असतो घरातल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या तोंडी. पणजोबांचा कागद आणखी दहा वर्षांनीही दप्तरात मिळेल. तिला विचारायचे ते याच दिवाळीत विचारावे.