स्लॉट मशीनमधील यादृच्छिक संख्या

स्लॉट मशीन या जुगारयंत्रातील प्रत्येक डावाचा निकाल संगणकाने काढलेल्या यादृच्छिक संख्येवरून, म्हणजे जिचा आधी अंदाज बांधता येऊ नये अशा संख्येवरून ठरतो. बटण दाबताक्षणीच निकाल निश्चित होतो. फिरणारी चक्रे तो केवळ दाखवतात.

आभासी चक्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स फे यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे बनवलेल्या 'लिबर्टी बेल' यंत्रात तीन यांत्रिक चक्रे होती. चक्र जेथे थांबे तोच निकाल असल्याने त्यावरील चिन्हे मोजून जिंकण्याची संभाव्यता काढता येई. प्रत्येकी २२ थांब्यांच्या तीन चक्रांतून १०,६४८ मांडण्या होतात. याहून दुर्मीळ, म्हणून याहून फार मोठे बक्षीस ठेवणे मालकास परवडत नसे.

इंगे टेल्नेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटने ही अडचण दूर केली. संगणकातील आभासी चक्राला, उदाहरणार्थ, ६४ थांबे दिले तर २,६२,१४४ मांडण्या होतात. सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या चिन्हास त्यांपैकी एकच थांबा जोडता येतो आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागांना अनेक. परिणामी डोळ्यांना २२ पैकी एक दिसणारे चिन्ह सरासरीने ६४ वेळा एकदाच येते, आणि बक्षीस थोडक्यात हुकल्याचा भास मात्र वारंवार होतो. संख्या यादृच्छिकच असते. फसगत होते ती मांडणीमुळे.

निष्पक्षता

नियमांच्या भाषेत निष्पक्ष यंत्र म्हणजे खेळणारा व मालक यांना समान संधी देणारे यंत्र नव्हे. लावलेल्या रकमेपैकी किमान ७५ टक्के परतावा नेवाडा राज्यात, तर ८३ टक्के न्यू जर्सीत बंधनकारक आहे. हा हिशेब असंख्य डावांच्या सरासरीचा आहे, एका संध्याकाळचा नव्हे. बराच वेळ रिकामे गेलेले यंत्र आता बक्षीस देईल, ही समजूतही चुकीची. मागील डावांचा पुढच्या डावावर परिणाम होत नाही.

संगणकाची यादृच्छिकता बहुधा सूत्रातून येते. सूत्र व आरंभसंख्या कळल्यास पुढील संख्या काढता येतात. नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळातील संगणकतज्ज्ञ रोनाल्ड डेल हॅरिस यांचे काम यंत्रे तपासण्याचे होते. त्यांनीच काही यंत्रांच्या आज्ञावलीत फेरफार केला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार १९९५ मध्ये उघडकीस आला, तो अटलांटिक सिटीत त्यांच्या साथीदारास केनो या खेळात १ लाख डॉलरचे बक्षीस लागल्यावर. हॅरिस यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

भारतातील स्थिती

गोव्यात जुगारविषयक कायद्यातील १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत अशी यंत्रे ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला.